चेतातंतूंविना हृदय कसे चालते?

प्रश्न : हृदयाच्या प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या शिवतात, पण चेतातंतू जोडत नाहीत, असे वाचले. हाताचा चेतातंतू तुटला तर हात लुळा पडतो. मग नवे हृदय कसे धडधडते?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे. १९६७ साली केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी आणि लगेच १९६८ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी केलेल्या प्रत्यारोपणांतही चेतातंतू जोडलेले नव्हते, आणि आजही जोडत नाहीत. हाताच्या स्नायूला प्रत्येक आकुंचनासाठी चेतातंतूचा संदेश लागतो. तो कायमचा बंद झाला की स्नायू लुळा पडतो आणि काही आठवड्यांतच झिजू लागतो. हृदयाचे तसे नाही. उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या) भिंतीतील विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका स्वतःच मिनिटाला सुमारे १०० वेळा विद्युत्संदेश निर्माण करतो, आणि ठोका पडतो तो त्याच्यामुळे.

मग हृदयाला चेतातंतू हवेत कशाला? गती गरजेनुसार कमी-जास्त करण्यासाठी. मेंदूच्या तळाशी उगम पावणारी व्हेगस चेता ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडून ठोके मंद करते, तर अनुकंपी चेतातंतू ते वाढवतात. विश्रांतीच्या वेळी आपली नाडी सत्तरच्या आसपास असते, ती व्हेगसने सतत लगाम खेचून धरल्यामुळे. हा परिणाम रसायनामार्फत होतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयांवर दाखवले : एका हृदयाची व्हेगस चेतवल्यावर त्यातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा तेही मंदावले. माझ्या मते शरीरक्रियाशास्त्रात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडेल.

प्रत्यारोपित हृदयाला हा लगाम नसल्याने स्वस्थ बसलेल्या रुग्णाचीही नाडी बहुधा ९० ते ११० असते. जिना चढताना ती लगेच वाढत नाही, कारण ठोके वाढवणारे ॲड्रेनलिन हे संप्रेरक मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचावे लागते. म्हणूनच अशा रुग्णांना व्यायाम हळूहळू सुरू करण्यास आणि हळूहळू थांबवण्यास सांगतात. व्हेगसचा प्रभाव रोखून ठोके वाढवणारे ॲट्रोपिन त्यांच्यावर सहसा निष्प्रभ ठरते. वेदना वाहून नेणारे तंतूही तुटलेले असल्याने हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखेलच असे नाही, त्यामुळे त्रास नसतानाही त्यांच्या हृदयधमन्यांची नियमित तपासणी करतात. काही रुग्णांत कालांतराने थोडे तंतू पुन्हा हृदयापर्यंत वाढतात, पण ते सर्वांच्या बाबतीत घडत नाही आणि घडले तरी अपुरेच असते.