बंद पडलेली एटीव्ही आणि सहावीतला मिस्त्री

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शेतावर किंवा फार्महाउसवर वापरून झालेल्या लहान एटीव्ही (मोटरसायकलसारखं हँडल आणि चार जाड टायर असलेल्या गाड्या) आता मराठवाड्यातही हातोहात फिरू लागल्या आहेत. त्या मुलांसोबत घरी दुरुस्त करण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. सगळ्यांच्या गाड्या ११० सीसीच्या, आडव्या सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या आहेत.

प्रश्न : वापरलेली एटीव्ही घेतली. दोन वर्षं ती गोठ्याशेजारी कडब्याच्या गंजीला लागून उभी होती. सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही. गावातले मिस्त्री म्हणतात, कार्बोरेटर, सीडीआय, कॉइल सगळं नवं टाका. मुलगा सहावीत आहे आणि त्याला स्वतः खोलून बघायची फार हौस आहे. आम्हा दोघांना जमेल का? सुरुवात कुठून करू?
— एक पालक, परतूर (जि. जालना)

उत्तर : जमेल. मात्र तपासणी पूर्ण होईपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. यातली कोणती कमी आहे हे कळल्याशिवाय घेतलेला भाग म्हणजे नुसता अंदाज. मुलाला एक दोनशेपानी वही द्या. काय तपासलं, काय दिसलं, कोणता बोल्ट कुठून निघाला, हे त्याने लिहायचं आणि शेजारी चित्र काढायचं. हे खोटं खोटं काम नाही. आठ दिवसांनी जोडणी करताना तुम्हाला त्याच वहीकडे वळावं लागेल. नट-बोल्ट ठेवायला जुनं इडलीपात्र उत्तम. एका खड्ड्यात एका भागाचे बोल्ट, आणि क्रम वहीत.

काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. जुनं पेट्रोल टाकीतून काढताना नळी तोंडाने ओढायची सवय आपल्याकडे आहे, ती इथे कटाक्षाने टाळा. पेट्रोलचा एक घोट फुप्फुसात गेला तरी जिवावर बेततं. टाकीच्या कॉकची नळी काढून खाली कॅन लावा, पेट्रोल आपोआप उतरेल. ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका.

आता गोठ्याशेजारच्या गाडीची खास तपासणी. कडबा म्हटला की उंदीर आलेच. सीट काढा आणि वायरिंगवर बोट फिरवत शेवटपर्यंत जा. कुरतडलेली वायर बऱ्याचदा प्लास्टिकच्या बंदाखाली लपलेली असते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडू शकतं. छोट्या टॉर्चने हे शोधण्यात मुलाची नजर तुमच्यापेक्षा पटाईत ठरेल.

मग ठिणगी. प्लग काढा, त्याच टोपीत पुन्हा बसवा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा. पेट्रोलचा कॉक बंद हवा आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब हवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. एवढ्यापुरती बॅटरी जोडा, मुलाला दोन पावलं मागे उभं करा आणि सेल्फ मारा. निळी, कडक ठिणगी हवी. ती नसेल तर सीडीआयला (ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) दोष देण्याआधी त्यातून निघणारी काळी-पांढरी वायर सुटी करून पुन्हा बघा. ही इंजिन बंद करणारी वायर. ती गाडीच्या सांगाड्याला टेकली की ठिणगी मरते. वायर सुटी केल्यावर ठिणगी आली, तर बिघाड किल-स्विचमध्ये किंवा मनगटाला बांधायच्या दोरीच्या स्विचमध्ये आहे. तो दुरुस्त करून वायर पुन्हा जोडायचीच. ती सुटी ठेवून गाडी चालवली, तर अडचणीच्या वेळी इंजिन बंद करता येणार नाही. नवा प्लग लागला तर या इंजिनांना एनजीके सी७एचएसए चालतो, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. आधी हातानेच फिरवत बसवा. टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा पुरे.

दोन वर्षं उभ्या गाडीत मुख्य संशयित मात्र कार्बोरेटरच असतो. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की तळाशी वेगळा थर साचतो. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, म्हणून पेट्रोलची नळी आणि फिल्टर बदलून टाका. सुटे भाग घेऊ नका म्हटलं, त्याला हाच काय तो अपवाद.

कार्बोरेटर दोन बोल्टवर असतो, १० नंबरचा पाना. खालची वाटी उघडली की फ्लोट, त्याची सुई आणि पितळेचे दोन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) दिसतील : मोठा मेन आणि खोल बसलेला पायलट. गाडी चालू न होण्याचं मूळ बहुधा पायलटमध्ये असतं, कारण त्याचं भोक केसाएवढं बारीक असतं. खाचेत नेमका बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर वापरा. सैल बसणाऱ्याने पितळ सोलवटतं आणि मग जेट निघतच नाही. जेट आभाळाकडे धरून मुलाला आरपार बघायला सांगा. गोल, स्वच्छ उजेड दिसला तर मोकळा, चंद्रकोर दिसली तर तुंबलेला. साफ करायला कार्ब क्लीनरचा फवारा आणि विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार घ्या. सुई किंवा स्टीलची तार घातली तर भोक मोठं होतं आणि पुढे गाडी काळा धूर सोडत राहते. फवारा मारताना दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवा.

बाजूचा मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा आणि आकडा वहीत लिहा. बसवताना तितकाच बाहेर ठेवा. मूळ मापच बिघडलं असेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. पुन्हा बसवताना कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधली ओ-रिंग तपासा. ती चपटी झाली असेल तर हवा शिरते आणि थ्रॉटल (रेस) सोडला तरी इंजिन उगाच चढून राहतं.

एवढं करूनही चालू झाली नाही तर दाब मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारल्यावर गेज १२० पीएसआयच्या वर गेला तर ठीक. ९०च्या खाली असेल तर प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत.

घट्ट करण्याबद्दल एक सूचना. इंजिनाचे आटे ॲल्युमिनियमचे आहेत आणि मुलं जोर लावण्यातच शहाणपण मानतात. ६ मिमीच्या बोल्टला पाना शेवटाला न धरता डोक्याजवळ धरायला शिकवा. तिथे धरून जेवढा जोर लागतो, तेवढाच पुरे.

प्रश्न : आमची एटीव्ही सकाळी झटक्यात सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडते आणि अर्धा तास थांबल्याशिवाय सुरू होत नाही. उन्हाळ्यात तर फारच. उन्हामुळेच होत असेल का?
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : आपल्याकडच्या ४२ अंशांत इंजिन तापणारच, पण चांगल्या स्थितीतलं इंजिन त्याने बंद पडत नाही. कारण ओळखायची संधी बंद पडलेल्या त्या क्षणीच असते, म्हणून चांगला प्लग आणि पाना खिशात ठेवूनच निघा.

बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीने बुजलंय. पेट्रोल उतरतं, त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. छिद्र मोकळं केलं की काम झालं.

तसं नसेल तर खिशातला प्लग टोपीत घालून ठिणगी बघा. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, म्हणजे इग्निशन कॉइल, सीडीआय किंवा मॅग्नेटजवळची (इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकी चाकाजवळची) पिकअप कॉइल तापल्यावर दगा देते. कॉइल आणि सीडीआय ओळखीच्याच्या चालू गाडीतून काढून बसवून बघा, मगच खरेदी करा.

ठिणगी चांगली असेल तर टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली गॅप. याबद्दल एक समज पक्का रुजलाय की आवाज करणारा टॅपेट वाईट आणि गप्प असलेला चांगला. या इंजिनांत बहुधा उलटं घडतं. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खोल जातो आणि गॅप कमी कमी होत जाते. इंजिन तापलं की धातू वाढतो, उरलीसुरली गॅप संपते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो आणि दाब निसटतो. गार झालं की सगळं पूर्ववत. अगदी मुका टॅपेट दिसला तर त्याच्यावरच आधी संशय घ्या.

गॅप रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच बघायची, म्हणजे सकाळी. प्लग काढून ठेवा, इंजिन हलकं फिरतं. वरचं आणि खालचं टॅपेटचं झाकण काढा. डाव्या बाजूने मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत ‘टी’ची खूण खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर हाताने थोडे हलले पाहिजेत. एखादा ताठ असेल तर मॅग्नेटचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. फिलर गेजची ०.०५ मिमीची पट्टी दोन्हीकडे थोडी अडकत सरकली पाहिजे. तशी सरकत नसेल तर रॉकरवरचा चेकनट सैल करून मधल्या स्क्रूने गॅप जुळवा. चेकनट घट्ट करताना माप हमखास हलतं, त्यामुळे घट्ट केल्यावर पुन्हा पट्टी घाला. हे काम दोघांचंच आहे : एकाने स्क्रू धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा. पट्टी सरकवून बघण्याचं काम मुलाकडे द्या. बारीक बोटांना तो अडकाव चांगला कळतो.

प्रश्न : चेन उडते म्हणून नवी मोटरसायकलची चेन टाकली, तरी आवाज येतो. शिवाय वेड्या बाभळीच्या काट्यांनी आठवड्यातून एकदा पंक्चर होतं. टायरमध्ये हवा किती ठेवावी?
— एक वाचक, भूम (जि. धाराशिव)

उत्तर : या एटीव्हींवर साधारणपणे ४२० नंबरची चेन असते आणि आपल्याकडच्या मोटरसायकलींना बहुतेक ४२८. दोन्हींच्या कड्यांमधलं अंतर सारखंच, १२.७ मिमी, म्हणून ४२८ बसते आणि फसवते. ती आतून दीड मिमीने रुंद आहे. दातांवर आडवी डुलते, आवाज करते आणि स्प्रॉकेटच्या कडा खाते. चेनच्या कडीवर छापलेला नंबर वाचूनच चेन घ्या. स्प्रॉकेटचे दात माशाच्या पंखासारखे एका बाजूला झुकले असतील तर दोन्ही स्प्रॉकेटही बदला. मधोमध दाबल्यावर ढील १५ ते २५ मिमी असावी. चेनला काम करताना मुलाच्या हातात गाडीची किल्ली असू द्या, म्हणजे कुणाच्याही बोटांशी चेन असताना इंजिन फिरणार नाही.

हवा साधारण ५ पीएसआय. टायरच्या अंगावर छापलेला आकडा बघा आणि तोच पाळा. पेट्रोल पंपावरच्या हवेने हा टायर काही सेकंदांत मर्यादेपलीकडे फुगतो. तसा तो फुटू शकतो आणि बांधावर गाडी चेंडूसारखी उसळते. सायकलचा पंप आणि कमी दाबाचा, ० ते १५चा गेज घ्या. काट्यासाठी ट्यूबलेस टायरची चिकट पट्टीच पुरते. मात्र काटा उपसण्याआधी जागेवर खडूने गोल करा, नाहीतर भोक सापडत नाही. आणि टायरवरून आतूनही हात फिरवा, मोडलेली टोकं तिथेच राहतात.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. गाडी आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केली. आता तिला घरापासून शेतापर्यंत, पाणंदीने एक किलोमीटर, चालवायची आहे. धाकट्याला मागे बसवू का?
— एक आई, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : ताई, दोन्हींना आमचं उत्तर नाही असं आहे, आणि ते आम्ही मनापासून देतो आहोत. लोकांची ये-जा असलेली पाणंद मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक जागा आहे. तिथे १८ वर्षांखालच्या मुलाला मोटार वाहन चालवता येत नाही. १६ वर्षांनंतरची सवलत फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला आहे. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी ११० सीसी दहा वर्षांच्या मुलीसाठी मोठी आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांखाली एटीव्ही नकोच म्हणते. उत्पादकांनी पूर्वीपासून १२ वर्षांखालच्यांसाठी ७० सीसीखालचीच गाडी सांगितली आहे. लांब सीट दुसऱ्यासाठी नसते. वळताना चालवणाऱ्याला अंग सरकवता यावं म्हणून ती लांब असते. मागे कुणी बसलं की गाडी उलटायला वेळ लागत नाही.

दुरुस्ती तिने जरूर चालू ठेवावी, त्यात तिचा हात बसू द्या. चालवायची हौस तिच्या मापाच्या लहान गाडीवर, सपाट मोकळ्या रानात, तुम्ही आवाजाच्या टप्प्यात असताना भागवा. अंगठ्याच्या थ्रॉटलजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. सुरुवातीला चालण्याच्या वेगाइतकाच उघडू द्या. डोक्याला हेल्मेट, पायात घोट्यापर्यंतचे बूट, किल-स्विचची दोरी मनगटाला. ओढणी आणि मोकळी वेणी नको, चेन ओढून घेते. कठडा नसलेली विहीर आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं ज्या रानात आहे ते रान निवडूच नका. त्या प्लास्टिकवरून पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही.

प्रश्न : इंजिनात ऑइल कोणतं आणि किती? घरात कारचं उरलेलं आहे.
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : कारचं नको. तुझ्या गाडीत क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं मोटरसायकलचं फोर-टी, २०डब्ल्यू-४० घे. साधारण ८०० मिली लागतं. आधी ७०० ओत, एक मिनिट इंजिन चालव, पाच मिनिटं थांब, मग डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून माप बघ आणि थोडं थोडं वाढव. जुनं ऑइल मातीत ओतू नको. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दे, त्यांच्याकडे ते गोळा करणारे येतात.