टीचरने विचारलं, पोराने घरचं सांगितलं आणि वर्ग हसला

गेल्या महिन्यात गोव्यात पेडण्याला शिक्षकांसाठी एक ट्रेनिंग घेतलं, ते संपल्यावर एक टीचर मागे थांबल्या नि हळूच म्हणाल्या, "मॅडम, मुलांना भावना ओळखायला, सांभाळायला शिकवायचं हे पटतं मला, पण खरं सांगू, भीती वाटते. एखाद्याने भर वर्गात घरचं काही सांगितलं नि रडायलाच लागला तर मी काय करू? मी काय काउन्सेलर आहे का?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक शाळेत ऐकू येतो, पोर्शन संपत नाही या तक्रारीच्या खालोखाल. आणि ती भीती खोटी नाही, म्हणून एक केस सांगते. ओळख लागू नये एवढे तपशील बदललेत.

2018 सालची गोष्ट. सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज रद्द केली नि मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी परत बंद पडल्या. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा डिचोली-सत्तरीकडे, म्हणजे खाणींच्या भागात, घरासमोर खनिज वाहणारे ट्रक नुसते उभे, पावसात, वर ताडपत्री. पोरांना यातलं काही कळत नाही असं मोठ्यांना वाटायचं आणि पोरं रात्री अंथरुणात पडल्यापडल्या सगळं ऐकत असायची.

पाचवीच्या एका टीचरने, अगदी मनापासून, मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, "तुमच्या मनात कसलं दुःख आहे ते सांगा बघू." पहिल्या दोघातिघांनी सायकल, मांजर असलं काहीतरी सांगितलं. मग एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला की बँकवाले ट्रक नेणार म्हणून बाबा रात्री ओरडतात नि आई रडते. टीचरना काय बोलावं सुचेना. तेवढ्यात समोरचा एकजण बोलला, "म्हणूनच तुझ्या बाबाची आमच्या दुकानात उधारी!" वर्ग हसला. टीचरनी घाईघाईत पुस्तकं काढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही, आई आली. "टीचर, आमच्या घरांतलें सगळ्या वाड्यार कळ्ळें," एवढंच बोलली आणि उभी राहिली. मी त्या आठवड्यात शाळेत गेले तर टीचर मला म्हणाल्या, यापुढे मी फक्त गणित शिकवणार.

पहिलं काम शिकवण्याचं नव्हतंच, माफी मागण्याचं होतं. हेडमिस्ट्रेसच्या केबिनमध्ये आम्ही दोघी त्या आईसमोर बसलो, टीचरनी सरळ सांगितलं की माझा प्रश्न चुकला, तुमच्या मुलाने काही चूक केली नाही, त्याला घरी बोलू नका. आई बराच वेळ पदराचा काठ दुमडत होती. मग म्हणाली, तो घरी कधी काही बोलतच नाही, मला वाटलं त्याला काही ठाऊकच नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला.

दुकानवाल्याच्या मुलाला शिक्षा करायची नाही यावर मी अडून बसले. दहा वर्षांचं पोर, काउंटरवर जे ऐकलं ते बोललं. पण समोरचा काही जड सांगत असेल तर काय म्हणायचं हे त्याला कोणी कधी शिकवलं होतं? आपण "हसू नको" म्हणतो, मग करायचं काय ते सांगत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही अख्ख्या वर्गाकडून तेवढंच करून घेतलं, जोड्या करून, नाटकासारखं: मित्राची छत्री हरवलीय, तू काय म्हणशील? "मी शोधायला येऊ?" "माझ्या छत्रीत ये." नुसतं शेजारी बसून राहायचं, तेही चालतं. तो दुकानवाला मुलगा यात सगळ्यात हुशार निघाला.

माझं म्हणणं एवढंच की भावनांचं कौशल्य शिकवायला मुलाच्या घरात शिरायची गरज नसते. राग ओळखणं, थांबणं, दुसऱ्याचा चेहरा वाचणं, मदत मागणं हे सगळं हरवलेल्या पेनावर, रांगेतल्या धक्क्यावर, धड्यातल्या पात्रावर शिकवता येतं. पोहायला शिकवताना आपण पोराला थेट मांडवीत ढकलत नाही ना! 2011 साली या विषयावर एक मोठा अभ्यास आला, 213 कार्यक्रम आणि 2 लाख 70 हजारांवर मुलं. त्यात वर्गातल्या साध्या शिक्षकांनी घेतलेले कार्यक्रम चांगले चालले, मुलांचं वागणं सुधारलं, अभ्याससुद्धा सुधारला, आणि जिथे टप्प्याटप्प्याने, प्रत्यक्ष करून घेत सराव दिला तिथे फायदा जास्त दिसला. म्हणजे "मी काउन्सेलर आहे का" याचं उत्तर, नाही, आणि त्यासाठी असायला लागतही नाही.

आणखी एक गोष्ट त्या वर्गाने मला शिकवली. "कसं वाटतंय?" असं पुस्तकी मराठीत विचारलं की सगळे एकसुरात "बरं". एकदा मीच म्हटलं, घरी बोलता तसं सांगा. मग आलं, "म्हाका भंय दिसता", "लज दिसता", "वायट दिसलें", म्हणजे भीती वाटते, लाज वाटते, वाईट वाटलं. फळा भरला! मराठी शाळा आहे म्हणून कोकणी शब्द अडवणारे लोक मला भेटतात, त्यांना मी हात जोडते, पोर मनातलं ज्या भाषेत बोलतं त्या भाषेत बोलू द्या, मराठी शब्द आपण शेजारी लिहू.

आता पेडण्याच्या टीचरच्या खऱ्या प्रश्नाकडे, कारण एवढं करूनही कधीतरी मूल मोठं काही बोलतंच. तेव्हा वर्गासमोर पुढे काही विचारायचं नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, आपण दोघं मधल्या सुट्टीत बोलूया" असं म्हणायचं, सगळ्यांना उभं करून हातपाय ताणायला लावायचं नि पुढे जायचं, पण मधल्या सुट्टीत बोलायचंच, विसरायचं नाही. मारहाण किंवा अंगाला हात लावणं असं काही असेल तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. हेडना सांगा, काउन्सेलरला बोलवा, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर 1098 आहे. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारकच आहे, तिथे शाळेची अब्रू वगैरे विचार करत बसायचं नाही.

त्या पाचवीच्या वर्गात मुलं मग दर शुक्रवारी गोल बसून पाळीपाळीने असलं छोटंसं काही सांगायची, आणि आम्ही "आज नको" असं लिहिलेलं एक कार्ड प्रत्येकाला दिलं होतं, ते दाखवलं की कोणी विचारायचं नाही, टीचरनीसुद्धा नाही. ट्रकचं सांगितलेला तो मुलगा दर शुक्रवारी तेच दाखवायचा. जुलै गेला, ऑगस्ट गेला. चतुर्थीची सुट्टी संपल्यावर एक दिवस संध्याकाळी टीचरचा फोन आला. त्याने कार्ड दप्तरात ठेवलं नि म्हणाला, माझा कंपास कोणीतरी न विचारता घेतला, राग आयला. दुकानवाल्याच्या मुलाने विचारलं, "माझा वापरणार?" आणि मग पुढच्याची पाळी आली.