आधी रिमांडचा अर्ज वाच

प्रिय वकीलसाहेब,

(सनद अजून हातात यायची आहे, ठाऊक आहे मला. सवय आतापासून लावून घे.)

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांवरचं तुझं टिपण वाचलं. अभ्यास दिसतो. पण सरकार कायद्याच्या आधाराने एखाद्या समाजाला कसं छळतं हे शिकायचं, तर तिथून सुरुवात करू नकोस. न्यूरेंबर्गला हरलेल्यांचा न्याय जिंकलेल्यांनी केला. असा योग क्वचित येतो. एरवी छळणारं सरकार आणि न्याय देणारं सरकार एकच असतं, आणि वकिलाला त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. तू आपल्या मुंबईतल्या किल्ला कोर्टापासून सुरुवात कर.

समज, उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या एका पारधी पोराला चोरीच्या संशयावरून आणलंय. रिमांडच्या, म्हणजे त्याला कोठडीत ठेवायला मागणाऱ्या पोलिसांच्या अर्जात तपासाची कारणं असतील, आणि मध्येच एखादी ओळ: आरोपी सराईत असून त्याच्या समाजातले लोक असेच गुन्हे करतात. शब्द थोडे इकडेतिकडे होतील. या ओळीवर बोट ठेवायला शीक. ती लिहिणाऱ्या हवालदाराची नसते, त्याच्याकडे वारशाने आलेली असते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ती सापडेल. एखादी जमातच्या जमात अजामीनपात्र गुन्ह्यांना सवयीने चिकटलेली आहे असं सरकारला वाटलं की अधिसूचना काढायची. १९११ च्या कायद्याने हे लोण मुंबई इलाख्यात आलं. मग नोंदवही, बोटांचे ठसे, हजेरी, बाहेर जायला पास, सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. मला मात्र कुंपणापेक्षा १८७१ च्या कायद्याचं कलम ६ भयंकर वाटतं. अधिसूचना योग्य की अयोग्य, हे कोणत्याही न्यायालयाने विचारायचं नाही. ती निघाली हाच निर्णायक पुरावा. कायदा धाब्यावर बसवून काही झालं नाही. कोर्टाचं तोंड कायद्यानेच बांधून ठेवलं होतं. लॉ कॉलेजात हे कलम आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही. तुम्हाला दाखवलं का?

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. त्या यादीतून सुटलेले विमुक्त समाज आजही तो दिवस पाळतात. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला, आणि त्याच साली भीक प्रतिबंधाचा. या दुसऱ्यात, पोटापाण्याचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही भिकारी ठरू शकतो. भटकणं हाच ज्यांचा धंदा होता त्यांनी काय करावं?

आता तुझ्या आवडीच्या जर्मनीकडे ये, पण सिंती आणि रोमा लोकांची, ज्यांना जिप्सी म्हणत त्यांची, प्रकरणं काढ. १९४० मध्ये नाझींनी त्यांना व्याप्त पोलंडमध्ये हाकललं. युद्धानंतर त्यांनी भरपाई मागितली, तेव्हा १९५६ मध्ये कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयाने सांगितलं की ती हद्दपारी वंशद्वेषातून झाली नव्हती, पोलिसी बंदोबस्ताचा भाग होती; अनुभव असा, की हे लोक चोरी-फसवणुकीकडे झुकलेले असतात. हिटलर मरून दहा वर्षं उलटली होती आणि ओळ तीच! त्याच न्यायालयाने १९६३ मध्ये भूमिका बदलली, पण तोवर कित्येक अर्जदार गेले होते. हा वंशसंहार होता हे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी १९८२ मध्ये मान्य केलं. बर्लिनचं स्मारक २०१२ चं. निकालपत्रातली ओळ पुसली गेल्यावरच दगडावर नाव कोरलं जातं, असा क्रम मला यात दिसतो.

आपल्याकडे ती पुसायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा-खुनाच्या खटल्यात भटक्या समाजातल्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पक्की केली; २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. तुरुंगात गेलेली वर्षं मोज आणि भागाकार कर. ३ ऑक्टोबर २०२४ चा निकालही मुळातून वाच. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंग नियमावल्यांतली जातीनुसार कामवाटणी रद्द झाली, आणि ‘सराईत’ कुणाला म्हणायचं यावरही बंधन आलं.

तेव्हा रिमांडला ‘सराईत’ ऐकलंस की लगेच विचार: कोणत्या खटल्यात शिक्षा झाली, कधी? संशयावरून कितीदा उचललं ते नको, दोषसिद्धी दाखवा म्हणावं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. त्याच्या घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. पारधी आपल्याकडे अनुसूचित जमातीत आहेत, म्हणजे खोटा खटला रचल्यास ॲट्रॉसिटीचा कायदाही हाताशी आहे. मात्र त्यासाठी जातीचा दाखला लागतो आणि दाखल्याला जुनी नोंद. जमीन नाही, शाळा नाही. पणजोबाचं नाव सरकारने कुठे लिहिलंच असेल तर बहुधा पोलिसांच्या हजेरीपुस्तकात. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गृहखात्याची जुनी दप्तरं बघायला शीक. एक-दोन शनिवार जातील, जाऊ देत.

आणि पक्षकाराची हकीकत पहिल्याच भेटीत लिहून घे. त्याच्या शब्दांत, नीट न करता. कुठून उचललं, किती वाजता, कुणाला कळवलं, मार कुठे लागला, मेडिकल झालं का. खाली तारीख आणि तुझी सही.

तुझा,
फोर्टातला सीनियर