शिक्षण आणि समाज सुधारेल असं तुम्हाला खरंच वाटतं का, आणि वाटत असेल तर कशाच्या जोरावर?

तुम्ही विचारलंय की तरुणांना जी आशा वाटते ती फक्त वय कमी आहे म्हणून, की त्याला काही आधार पण आहे. आणि सोबत लिहिलंय की तुमचा पुतण्या चौथीत आहे, मार्क चांगले पडतात पण समोर साधा परिच्छेद ठेवला की अडखळतो, आणि इतकी वर्षं सुधारणा सुधारणा ऐकून तुमचा आता कशावरच विश्वास राहिलेला नाही. मी तेवीस वर्षांचा आहे, शिक्षक नाही, त्यातली डिग्री पण नाही, पण गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी सात-आठ मुलांना वाचन आणि गणित शिकवतो. तेवढ्या अनुभवावर उत्तर देतोय.

हो, मला आशा वाटते. मनापासून वाटते. आणि ती कुठून आली ते सांगायचं तर एका वजाबाकीपासून सुरुवात करावी लागेल.

एक मुलगी आहे माझ्याकडे, ती आली तेव्हा तिच्या वहीत हातच्याच्या वजाबाकीचं एक अख्खं पान होतं आणि प्रत्येक गणितावर लाल फुली. पहिलंच गणित 52 वजा 38, तिचं उत्तर 26. मी आधी नेहमीसारखं "अगं असं नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण का कोण जाणे त्या दिवशी थांबलो आणि विचारलं, कसं केलंस सांग बघू. ती गप्प. मी पण गप्प. बराच वेळ गेला, म्हणजे घड्याळात दहाएक सेकंदच असतील पण समोर लहान मूल खाली मान घालून बसलेलं असताना ती खूप वाटतात. मग ती हळूच म्हणाली, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. आणि पुढे, लहान मोठ्यातूनच वजा करायचा असतो ना?

मी अख्खं पान परत बघितलं तर सगळी गणितं त्याच नियमाने केलेली, एकदाही चुकून दुसरं काही नाही. कधीतरी पहिलीत कोणीतरी तिला सांगितलं असणार की मोठ्यातून लहान वजा करायचा आणि ती ते इमानदारीने पाळत होती. म्हणजे फुल्या मारलेल्या त्या पानात एक पूर्ण, सुसंगत विचार होता आणि तो दोन वर्षांत कोणी विचारलाच नव्हता!

मग आम्ही काड्या घेतल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या. म्हटलं यातल्या 38 मला दे. तिने तीन गठ्ठे दिले, मग आठ द्यायच्या तर सुट्या दोनच. बघत बसली. मी काही बोललो नाही (हे सगळ्यात अवघड काम आहे, खरंच). मग तिने एका गठ्ठ्याचं रबर ओढून काढलं, बारा सुट्या झाल्या, आठ मोजून दिल्या, आणि उरलेल्या चार आणि एक गठ्ठा बघून म्हणाली, चौदा. आणि मग एकदम, "म्हणजे हातचा म्हणजे हे?" शेजारच्याकडून एक घ्यायचा हे तिला पाठ होतं, पण घेताना एक असतो आणि आल्यावर दहा कसा होतो हे तिला कधीच कळलेलं नव्हतं. मी विचारलं, मग वर्गात का नाही विचारलंस. तर म्हणाली, विचारलं की सगळे बघतात.

हे शेवटचे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेच नाहीत. सगळे बघतात. मला आता असं वाटतं की शिक्षणातला सगळ्यात मोठा प्रॉब्लेम इमारतीचा किंवा पुस्तकांचा नाही, ते प्रॉब्लेम आहेतच आणि मोठे आहेत, पण मूळ हे की "मला कळलं नाही" हे वाक्य मोठ्याने म्हणायला मुलाला लाज वाटते. ते वाक्य जिथे बिनधास्त म्हणता येतं तिथे बाकीचं शिकवता येतं. आणि माझी आशा इथेच आहे, कारण ही गोष्ट बदलायला फार पैसा लागत नाही, थांबावं लागतं.

थांबण्याचं म्हणतोय ते हवेत नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होत्या, त्यांनी 1970 च्या दशकात वर्गातल्या तासांच्या टेप ऐकून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात. साधारण एक सेकंद! एका सेकंदात उत्तर नाही आलं की पुढचा मुलगा, किंवा स्वतःच उत्तर. आणि तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तर मुलांची उत्तरं लांब झाली, गप्प बसणारी बोलायला लागली, मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागली. त्यातली अजून एक गोष्ट मला जास्त लागली, ती म्हणजे हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त वेळ थांबत होते आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्यांसाठी कमी. मुद्दाम कोणी करत नाही हे, पण ज्याला वेळ हवाय त्यालाच तो कमी मिळतो.

आता तुमच्या पुतण्याकडे येतो, तो एकटा नाही. जागतिक बँकेने 2019 मध्ये हिशोब मांडला की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांची 53 टक्के मुलं साधी गोष्ट वाचून समजू शकत नाहीत, आणि कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर 2022 चा अंदाज 70 टक्के होता. आकडा भयंकर आहे, मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस काही सुचत नव्हतं. पण याच प्रॉब्लेमवर चालणारा उपाय पण आहे आणि तो तपासलेला आहे. 'प्रथम' या संस्थेने केलेलं काम, ज्यात मुलांचे गट वयाप्रमाणे किंवा इयत्तेप्रमाणे न करता लेव्हलप्रमाणे करतात. एकेका मुलाला जवळ बसवून बघायचं की त्याला अक्षरं येतात, शब्द येतात, परिच्छेद येतो की अख्खी गोष्ट, आणि जिथे तो आहे तिथून रोज थोडा वेळ पुढे न्यायचं, इयत्ता कुठलीही असो. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकल क्रेमर यांच्यासोबत मिळालं, त्यांनी यावर बरेच प्रयोग करून बघितलं आणि नीट राबवलं तर मुलं खरंच पुढे जातात असं दिसलं. पुढे झांबियासारख्या आफ्रिकन देशांनी पण ते घेतलं. मला यात आवडतं ते हे की पहिली पायरीच मुलाला विचारणं आहे, तू कुठे आहेस.

तुम्ही म्हणाल एवढं सोपं असतं तर आतापर्यंत झालं असतं. सोपं नाहीच. सिलॅबस संपवायचं टेन्शन असतं, एका वर्गात साठ मुलं असतात, शिक्षकावर शिकवण्याशिवाय दहा कामं असतात, अशा माणसाला "थांबा" म्हणणं माझ्यासारख्या रविवारी सात मुलं घेऊन बसणाऱ्याला सोपं आहे हे मला माहितीये. म्हणून मी शिक्षकांना दोष देत नाही, त्यांना वेळ मोकळा करून देणं हीच खरी सुधारणा असं मला वाटतं. फिनलंडने तेच केलं ना, 1970 च्या दशकात सगळ्या मुलांसाठी एकच शाळा आणली, मग शिक्षकांचं शिक्षण थेट मास्टर्सपर्यंत नेलं, आणि मग त्यांच्यावर विश्वास टाकला. 2000 सालच्या पिसा चाचणीत (वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची तुलना करणारी परीक्षा) ते वर दिसले तोवर जवळपास तीस वर्षं गेली होती. नंतर त्यांचे रिझल्ट घसरले पण, म्हणजे एकदा केलं की झालं असंही नाही, करतच राहावं लागतं. मला ते निराशाजनक वाटत नाही, घर रोज झाडावं लागतं म्हणून कोणी झाडू फेकून देत नाही.

समाजाचं काय हे तुम्ही विचारलंय, तर मला हे दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत. "सगळे बघतात" म्हणून वर्गात गप्प बसलेलं मूल मोठं झाल्यावर पण गप्पच बसतं. डॉक्टरांनी कसली गोळी दिली ते विचारत नाही, कागदावर काय लिहिलंय न वाचता सही करतं, साहेब नियम सांगतात तो खरंच कुठे लिहिलेला आहे का हे विचारायची हिंमत होत नाही, आणि स्वतःचं कधी कोणी ऐकून घेतलेलं नसल्यामुळे दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय पण लागत नाही. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञांनी 1963 मध्ये आंगिकोस नावाच्या गावात सुमारे तीनशे कष्टकरी प्रौढांना साधारण चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवलं, आणि त्यांची पद्धत अशी की 'वीट' सारखे रोजच्या जगण्यातले शब्द घ्यायचे आणि आधी त्यावर बोलायचं, वीट कोण बनवतं, घर कोणाचं होतं, आणि मग ती अक्षरं फोडायची. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराने सत्ता घेतली, काम बंद पाडलं, फ्रेरींना तुरुंगात टाकलं आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. वाचायला शिकवणाऱ्या माणसाची सत्तेला भीती वाटते म्हणजे त्या कामात किती ताकद असेल हे बघा ना.

आणि वयाचं म्हणाल तर 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. सतरा! अंगावर शेण झेलून रोज शिकवायला जाणाऱ्या त्या मुलीला कोणी सांगितलं असतं की तुझं वय कमी आहे म्हणून तुला आशा वाटते, तर? 1820 च्या सुमारास अख्ख्या जगात शंभरातल्या साधारण बारा प्रौढांना लिहिता-वाचता येत होतं, आज सत्त्याऐंशीच्या आसपास लोकांना येतं. हे आपोआप झालेलं नाही, कोणीतरी कोणाच्या तरी शेजारी बसलं म्हणून झालंय. मी त्याच रांगेत शेवटी कुठेतरी बसलोय असं मला रविवारी वाटतं आणि त्या भावनेने मला अख्खा आठवडा बळ मिळतं.

मोबाईल आणि एआय यावर पण तुम्ही विचारलंय, थोडक्यात सांगतो, चांगले आहेत, वापरावेत, पण मुलाच्या चेहऱ्याकडे बघत गप्प बसायला अजून माणूसच लागतो.

आता पुतण्यासाठी एक करून बघा. एका संध्याकाळी वीस मिनिटं काढा, मार्कांचा विषय नको, शाळेचं पुस्तक पण नको, एखादी छोटी गोष्ट घ्या. त्याला वाचू दे. अडला तर शब्द पटकन सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. गोष्ट जड गेली तर परिच्छेद द्या, तोही जड गेला तर सुटे शब्द, म्हणजे तो नेमका कुठे अडतोय ते तुम्हाला दिसेल आणि उद्या तिथूनच सुरू करा, चौथीत असून हे येत नाही असं एकदाही न म्हणता. आणि मधेच तुम्हीच त्याला सांगा की हा शब्द मला पण माहीत नाही, चल बघूया. पंधरा दिवस केलंत की तो पहिल्यांदा "मला हे कळलं नाही" कधी म्हणाला ते मला कळवा, मला खरंच ऐकायचंय.