बूस्टर घेतला, तरी कोरोना झाला: आर्वीकडच्या एका घरातला अनुभव

तुम्ही विचारलंय, "बूस्टर डोस घेऊनही कोरोना झाला असं इथं कोणी आहे का? मग घेतल्याचा फायदा काय? माझ्या वडिलांचे दोनच डोस झालेत, वय 70. खरा अनुभव सांगा, व्हॉट्सॲपवरचा नको."

आहे ना. मी आहे, आणि माझी माय पण आहे. एकाच आठवड्यात दोघं.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका गावात कृषी केंद्र चालवतो. बी-बियाणं, खत, औषध. डॉक्टर नाही. त्यामुळं खाली जे लिहितो ते एका घरचं आहे, एवढं धरून वाचा.

आधी डोसचा हिशोब. माझा पहिला कोविशील्ड एप्रिल 2021 चा, 45 च्या वरच्यांना सुरू झाला तेव्हाचा. दुसऱ्यासाठी जूनच्या सुरुवातीला गेलो तर परत पाठवलं, कारण मधल्या मधे अंतर वाढवून 12 ते 16 आठवडे केलं होतं. तो मग जुलैत झाला. तिसऱ्याची पाळी आली 2022 च्या एप्रिलमध्ये, पण तेव्हा 60 च्या खालच्यांना तो फक्त खाजगीत मिळे. 225 रुपये लस अन् वर 150 पर्यंत टोचण्याचे. पैशाचं जाऊ द्या, खाजगी केंद्र होतं कुठं आमच्या इकडं? दिवस मोडून वर्ध्याला जा, तिथं लस असेल तर घ्या. मी काही गेलो नाही. मायचं तसं नव्हतं. ती 60 च्या वरची, त्यात शुगर, म्हणून तिला मार्च 2022 मध्येच आरोग्य केंद्रात फुकट मिळाला. सरकारी कागदावर त्याला बूस्टर नाही, 'प्रिकॉशन डोस' म्हणत. गावात कोणीच तसं म्हटलं नाही. 'तिसरी सुई', बस.

माझी तिसरी सुई झाली ऑगस्ट 2022 मध्ये. 15 जुलैपासून 75 दिवस सगळ्या मोठ्या माणसांना फुकट होती, अन् दुसऱ्या-तिसऱ्या डोसमधलं अंतरही नऊ महिन्यांवरून सहावर आणलं होतं. पण घेणारं होतं कोण? जुलैच्या पावसानं नाल्याकाठची कपाशी खरडून नेलेली, उरलेल्या वावरात निंदण-डवरण एकदमच आलेलं. उपकेंद्रात गेलो तर मी धरून चार जण. सिस्टर म्हणाली, "दहा जण झाल्याशिवाय बाटली फोडत नाही भाऊ." कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस, अन् फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. आशाताई छत्री घेऊन निघाली. एकाला पानठेल्यावरून आणलं, दोघांना बसस्टॉपवरून. एका बाईला तर डोक्यावरचा भारा खाली ठेवायला लावून आणलं. दीड तासानं आम्ही आठ झालो. सिस्टरनं घड्याळ पाहिलं, रजिस्टर पाहिलं अन् फोडली बाबा बाटली. 2021 मध्ये याच उपकेंद्रासमोर लोकांनी सकाळी सहाला नंबरसाठी चपला मांडून ठेवलेल्या मी पाहिल्यात. एका वर्षात एवढा फरक.

त्रास म्हणाल तर रात्री थंडी वाजून अंग तापलं अन् दोन दिवस दंड दुखला. शटर डाव्या हातानं उचललं. मायला तिच्या वेळी काहीच झालं नव्हतं, त्याच दिवशी दुपारी तिनं वड्या घातल्या.

आता कोरोना कसा झाला ते.

एप्रिल 2023. खरिपाच्या आधी बियाण्याच्या कंपन्या दुकानदारांच्या बैठका घेतात, तशी एक नागपूरला होती. हॉल बंद, एसी फुल, दीड-दोनशे माणूस, अन् मागच्या रांगेत खोकणारे खोकतच होते. मास्क कोणाच्याच तोंडाला नाही, माझ्याही नाही. दुपारी जेवलो अन् एसटीनं परत आलो. खिडकीशी बसलेलो, चार तास ऊन अंगावर. तिसऱ्या दिवशी सकाळी घसा असा की थुंकी गिळवेना. दुपारपर्यंत अंग ठणकायला लागलं, ताप 101.

आता विदर्भात एप्रिलमध्ये, पारा चाळीसच्या वर असताना, एसटीनं फिरून आलेल्या माणसाला ताप आला तर कोरोना कोणाला सुचते? मायचं निदान दारातच झालं, "ऊन लागलं तुले. म्हटलं होतं दुपट्टा बांधून जाय, आइकते कोण." मग सगळं रीतीनं झालं. कैरीचं पन्हं. उशाशी कांदा. संध्याकाळी ती स्वतः काशाची वाटी घेऊन पायथ्याशी बसली अन् तळव्याला तूप लावून अर्धा तास घासत राहिली, वाटी काळी होईपर्यंत. वाटी काळी झाली की ऊन उतरलं, असं आमच्याकडं समजतात. तूप अन् काशाच्या घासण्यानं ती कोणाच्याही पायावर काळी होते, हे मला माहीत आहे. पण आईचा हात पायावरून फिरत असताना हे कोण सांगते? तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. ती अर्धा तास माझ्या खोकल्यासमोर बसली होती.

दुसऱ्या दिवशी ताप उतरेना अन् खोकला सुरू झाला, तेव्हा बायको म्हणाली, "एकदा ती किट करून पाहा ना." मेडिकलवाल्याकडं जुनी एक पडून होती, तारीख पाहून आणली. नाकात काडी फिरवायची, नळीतल्या पाण्यात घोळायची, दोन थेंब टाकायचे अन् पंधरा मिनिटं थांबायचं. 'सी'वरची रेघ, म्हणजे किट चालू असल्याची खूण, लगेच आली. 'टी'वर, म्हणजे कोरोना असला की रेघ येते त्या जागी, काही नाही म्हणून मी उठतच होतो, तर बायकोनं ती पट्टी खिडकीजवळ नेली. फिकट, कपाशीच्या उतरत्या फुलाच्या पाकळीसारखी गुलाबी रेघ. फिकट असली तरी ती रेघच असते. निकाल तेव्हा ॲपवर टाकायचा असे, तो नेटवर्क नसल्यानं गेला नाही, अन् नंतर मीही टाकला नाही. म्हणजे सरकारी आकड्यात आम्ही दोघं नाहीच. माझ्यासारखे किती असतील कोण जाणे.

मी वरच्या टिनाच्या खोलीत गेलो. कूलर होता, पण दुपारी टिनाखाली कूलर म्हणजे गरम वारा. ताप कोणता अन् खोलीची धग कोणती, ते थर्मामीटर लावल्याशिवाय समजत नव्हतं. ताप तीन दिवस राहिला. वास-चव गेली नाही.

मायला माझ्यानंतर तीन दिवसांनी सुरू झालं. तिची पहिली किट निगेटिव्ह आली अन् दुसऱ्या दिवशीची पॉझिटिव्ह. हे मुद्दाम लिहितो. घरची किट सुरुवातीला चुकू शकते, एक निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. तिचा ताप माझ्यापेक्षा कमी होता, 100 च्या वर गेलाच नाही. पण शुगर चढली. एरवी सकाळी उपाशीपोटी 140-150 असते, ती 260 झाली. ऑक्सिमीटर दिवसातून चार वेळा लावत होतो, 95-96 च्या खाली आलं नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी अन् शुगरची गोळी वाढवून दिली, बाकी काही नाही. शेजारचे म्हणत होते सलाईन लावा, एकानं तर सुई देणारा माणूस घरी आणतो म्हटलं. मी हात जोडले. 2021 मध्ये शुगरवाल्यांना गरज नसताना स्टेरॉइड दिलं गेलं अन् पुढं काळ्या बुरशीत कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा, हे नागपूरच्या दवाखान्यांत जाऊन आलेल्यांकडून आम्ही ऐकलंय.

डॉक्टर म्हणाले, "सौम्य आहे." हा शब्द नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाची गोम तिथंच आहे. डॉक्टरांचं सौम्य म्हणजे दम लागत नाही, ऑक्सिजन 94 च्या खाली नाही, भरती करावं लागत नाही. आपलं सौम्य म्हणजे सर्दी झाली, दोन शिंका आल्या अन् झालं. दोन्हींच्या मध्ये बरंच काही बसते. माझा खोकला तीन आठवडे चालला. मे महिन्यात खताचा माल उतरत होता, युरियाचं पोतं मी वीस वर्षं एकट्यानं पाठीवर घेतलंय. त्या वर्षी अर्ध्यावर टेकवावं लागलं अन् पोराला हाक मारावी लागली. मायला महिनाभर जिना चढताना मध्ये थांबावं लागे. 5 मे ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची आणीबाणी संपली म्हणून जाहीर केलं, ती बातमी मी खोकत खोकतच पाहिली. एवढं सगळं होऊन कागदावर आम्ही दोघं सौम्यच. अन् ते खोटंही नाही.

कारण दुसरं काय असते ते आमच्या घरानं पाहिलंय. एप्रिल 2021 मध्ये माझे मोठे बाबा, म्हणजे थोरले चुलते, गेले. लस गावात आली होती, पण "सुई घेऊन माणूस मरते" या बोलण्यात त्यांनी घेतली नाही. पाचव्या दिवशी ऑक्सिजन 82. खाटेसाठी तीन दवाखाने फिरलो, चौथ्यात मिळाली अन् आठव्या दिवशी फोन आला. लस घेतली असती तर वाचले असते, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तो विषाणूही वेगळा होता, डेल्टा, आणि 2023 चा ओमिक्रॉनच्या पोटातला. तोवर बहुतेकांना एकदा कोरोना होऊनही गेला होता, कळून किंवा नकळत. म्हणजे आम्ही हलक्यात सुटलो ते तिसऱ्या सुईनं, की विषाणू बदलला म्हणून, की अंगात आधीच काही तयारी होती म्हणून, हे एका घरावरून कोणालाच काढता येणार नाही. जो काढून सांगतो, तो मग लसीच्या बाजूचा असो की विरोधातला, त्याचं फार मनावर घेऊ नका.

मग फायदा काय, हे गिऱ्हाइकांनी मला काउंटरवर शंभर वेळा विचारलंय, "तीन तीन सुया टोचल्या अन् झालाच ना, मंग?" त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगतो. बीटी कपाशी, म्हणजे झाडातच अळीवरचं विष असलेली, आपल्याकडं 2002 मध्ये आली. अमेरिकन बोंडअळी थांबली. पुढं गुलाबी बोंडअळीला सवय झाली अन् 2017 मध्ये तिनं विदर्भाची बोंडं पोखरली. लोक म्हणाले बीटी फेल. पण त्याच झाडावर अमेरिकन अळी सहसा टिकत नाही. साधं बियाणं लावून पाहा म्हटलं तर कोणी लावते का? उदाहरण तंतोतंत लागू नाही, अळी अन् विषाणू एक नव्हे. पण आमचे तिन्ही डोस 2020 च्या मूळ विषाणूवर बनलेले होते अन् ओमिक्रॉननं रूप बरंच बदललं होतं, त्यामुळं तो शिरणारच होता. त्यात रक्तातली अँटीबॉडी काही महिन्यांत उतरते. माझ्या डोसला आठ महिने झाले होते, मायच्या डोसला तेरा. लागण रोखण्याची ताकद तोवर उतरलेली असते, पण शरीराची ओळख मागे राहते अन् आजार छातीत उतरू न देण्याला ती कामी येते. जगभरच्या अभ्यासांत मोठ्या संख्येनं हेच दिसलं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. माझ्या घरचं त्याच्याशी जुळते, एवढंच मी म्हणेन.

एक अजून, कारण तुम्ही व्हॉट्सॲपचं नाव काढलं. 2024 च्या एप्रिल-मे मध्ये बातमी आली की ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात लसीनं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे मान्य केलं. कोविशील्ड म्हणजे तीच लस, पुण्यात बनलेली. त्या आठवड्यात माझ्याकडं बियाणं घ्यायला आलेली माणसं दंड चोळत उभी राहत. तो परिणाम खरा आहे, पण फार विरळा आहे. 2021 पासूनच तो डॉक्टरांना माहीत होता, अन् तो दिसतो डोसनंतरच्या काही आठवड्यांत. दोन-तीन वर्षांपूर्वी सुई घेतलेल्यानं आज रात्री जागायचं कारण नाही.

तुमच्या वडिलांचं. तिसरा डोस आता घ्यावा का, मिळतो का, हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, मी दुकानातून सांगणार नाही. पण शुगर, बीपी, दमा यातलं काही असेल तर ते आत्ताच ताब्यात ठेवा. मायला तापापेक्षा शुगरनं जास्त दमवलं. घरात कोणाला ताप-खोकला आला तर त्यांची खाट त्या दिवसापासून वेगळी करा, रेघ यायची वाट पाहू नका. दम लागला किंवा ऑक्सिमीटर 94 च्या खाली गेलं तर सरळ गाडी काढा.

हे लिहिताना मायला वाचून दाखवलं. काशाच्या वाटीपाशी तिनं थांबवलं. म्हणाली, "खोटं काहून लिहितं? कोरोना नोता तो, ऊनच होतं. वाटी काळी झाली होती का नाई?"