तो कौल, ते कौल आणि नुसता कल

विचारणा अशी आहे: "मतदानाआधी एक्झिट पोलचे आकडे कळले तर लोकांचे मत बदलते का? आणि बातम्यांत 'एक्झिट पोलचा कौल' म्हणतात ते बरोबर, की तिथे 'कल' हवा?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो गेली कित्येक वर्षे कानाला टोचतो आहे. १ जून २०२४ला लोकसभेचा सातवा टप्पा संपला आणि त्या संध्याकाळी "एक्झिट पोलचा कौल कुणाला?" हे वाक्य इतक्यांदा कानावर आले की मी आवाज बंद करून नुसते आकडे पाहिले. बहुतेक चाचण्या रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेत होत्या. ४ जूनला मोजणी झाली, २९३ जागा आल्या. मग १ तारखेला जो ऐकवला तो कौल कुणाचा होता? मतदारांचा नव्हता. मतदारांचा कौल तेव्हा यंत्रांत बंद होता. चाचणी अंदाज देते, अदमास सांगते, फार तर कल दाखवते. कौल देण्याचा अधिकारच तिला नाही.

कौल म्हणजे दिलेला शब्द. मूळ अरबी 'क़ौल': बोल, वचन. फारसीतून तो आपल्याकडे आला, येताना 'कौलकरार' ही जोडीही घेऊन आला. याच क़ौलाला सुरात बांधून गाणारा तो कव्वाल, आणि त्याचे गाणे ती कव्वाली. गावाने दिलेला कौल आणि दर्ग्यातली कव्वाली एकाच धातूची लेकरे आहेत, हे पहिल्यांदा कळले त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मराठी दप्तरांत कौल हा सरकारने रयतेला दिलेला लेखी भरवसा असे. ओसाड गाव पुन्हा वसवायचे, पडीक जमीन लागवडीखाली आणायची, तर रयत कौल मागे. पहिली काही वर्षे सारा थोडा, मग चढत जाणारा, असा तो इस्ताव्याचा कौल. पळून गेलेल्यांना परत बोलवायला अभयाचा कौल. वरून कौल आला की खालून कबुलायत लिहून द्यायची. म्हणजे शब्द देणारा एक, तो स्वीकारणारा दुसरा, आणि दोघेही बांधलेले.

आता देवाचा कौल. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि वाट पाहतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा कौल संस्कृत 'कुल'वरून किंवा 'कौल' नावाच्या तंत्रमार्गावरून आला, असे काही व्यासंगी मंडळी ठामपणे सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. काश्मिरी आडनाव कौल त्या परंपरेशी जोडतात, ते जोडू द्या. पण मराठीत देवाकडे कौल 'मागतात', देव कौल 'देतो', माणसे कौल 'घेतात'. ही सगळी क्रियापदे दप्तरातली आहेत, तंत्रग्रंथातली नव्हेत. ग्रामदेवता ही गावाची धनी, तेव्हा रयत जशी हुजुरात जाते तसा गाव तिच्यापुढे जातो. देवळातले बाकीचे शब्दही पाहा. देवापुढची अब्दागिरी म्हणजे फारसी 'आफ्ताबगीर', ऊन अडवणारी. नगारखाना आणि नौबत हीसुद्धा दरबारचीच. दरबाराचा एवढा सरंजाम देवळात गेला आणि नेमका कौल तेवढा तंत्रमार्गाने आला, हे मानायला पुरावा लागेल. केवळ ध्वनिसाम्य पुरणार नाही. ध्वनिसाम्यावरच जायचे तर छपरावरचे कौल का सोडायचे? ते 'कपाल'वरून आले आणि ते नपुंसकलिंगी: ते कौल, ती कौले. शब्द दिला जातो तो मात्र 'तो कौल'. लिंगाने इतकी स्वच्छ फारकत केलेली असताना गोंधळ का घालायचा?

'कल' याहून अगदी वेगळा. कलणे म्हणजे एका बाजूला झुकणे. दुपार कलते, पारडे कलते, हट्टी पोराला कलाने घेतात. मोजणीच्या सकाळी "सुरुवातीचे कल हाती येत आहेत" म्हणतात ते उत्तम मराठी आहे, कारण पारडे अजून हलते आहे हे त्यात कबूल केलेले असते. कलंडणे हाही कलण्याचाच पुढचा टप्पा, असे माझे मत आहे. कललेली वस्तू सावरता येते, कलंडलेली नाही.

आणि इथे तुमचा पहिला प्रश्न येतो. दाखवलेला कल पाहून मतदार कलंडतो का?

कलंडतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरी बसतो. सगळ्यांत स्वच्छ उदाहरण फ्रान्सचे आहे. ग्वादलूप, मार्टिनिक यांसारख्या सागरापारच्या फ्रेंच प्रदेशांत घड्याळ मागे असल्याने मूळ भूमीतले मतदानोत्तर अंदाज जाहीर झाल्यावरही मतदान चालू असे. पुढे कायदा बदलला आणि २००७च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून तिथे एक दिवस आधी, शनिवारी मतदान होऊ लागले. आधीच्या आणि नंतरच्या निवडणुका ताडून पाहणारा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. अंदाज आधी कळल्याने मतदान सुमारे ११ टक्केबिंदूंनी घटत होते, आणि जे येत ते जिंकणाऱ्याकडे अधिक झुकत होते. अमेरिकेत १९८०च्या अध्यक्षीय निवडणुकीतही अंदाज असेच आधी बाहेर आले होते. एका वाहिनीने रेगन यांचा विजय जाहीर केला तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सव्वापाच वाजले होते, आणि तिथली मतदान केंद्रे बंद व्हायला पावणेतीन तास होते. त्याचा नेमका किती परिणाम झाला यावर तिथले अभ्यासक अजून भांडतात. फ्रान्सच्या बाबतीत मात्र तुलना इतकी चोख आहे की मला शंका उरत नाही.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२६अ घातले ते याच भीतीपोटी. पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी दाखवता येत नाही. दाखवली तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सात टप्प्यांच्या निवडणुकीत हे हवेच. मूर्तीवरची पाकळी ओली असताना तिला कुणी बोट लावत नाही.

जिंकणाऱ्याकडे धावण्याच्या या वृत्तीला 'वाहत्या गंगेत हात धुणे' म्हणतात तेही चूक आहे. त्या वाक्प्रचारात आयत्या संधीचा फायदा घेणे आहे, कुणाच्या मागे जाणे नाही. 'जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो' जवळची, पण तिच्यात लाभाची आशा आहे, आणि या मतदाराला बिचाऱ्याला काहीच मिळायचे नसते. मी 'कलंडमत' सुचवतो. नपुंसकलिंगी: ते कलंडमत, ती कलंडमते. आणि चाचणीसाठी 'मतदानोत्तर चाचणीचा अंदाज' लिहा. मथळ्यात जागा नसेल तर 'कल' लिहा, 'कौल'पेक्षा तो आखूडही आहे.