झडीत वावरातला रास्पबेरी पाय बंद का पडतो?

प्रश्न : पऱ्हाटीच्या वावरात दर तासाला जमिनीचा ओलावा नोंदवायला रास्पबेरी पाय 3बी हा छोटा कॉम्प्युटर बसवला आहे. सोबत 4जी डोंगल, 20 वॉटचं सोलर पॅनेल आणि 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी. यूएसबी मीटर 0.45 अँपिअर दाखवतो. झड लागली की सकाळपर्यंत सगळं बंद. एचडीएमआय, ब्लूटूथ बंद करूनही फारसा फरक नाही. प्रोसेसरचा वेग कमी करू का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : वेगाला हात लावू नका. तुमचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. रिकाम्याचा वेग कमी करून हाती काही लागत नाही.

आधी हिशोब बघा. 5 व्होल्ट गुणिले 0.45 म्हणजे 2.25 वॉट. पण तुमचा मीटर 12 चे 5 व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरच्या पुढे, बोर्डच्या बाजूला लागलेला आहे. एलएम2596 या चिपचं कन्व्हर्टर मॉड्यूल हे करताना साधारण 20 टक्के वीज उष्णतेत घालवतं, म्हणजे बॅटरीतून जातात 2.8 वॉट, दिवसाला 67 वॉट-अवर. बॅटरी 12 गुणिले 7 म्हणजे 84 वॉट-अवरची, आणि लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते. उरले 42, म्हणजे 15 तास. संध्याकाळी भरलेली असली तरी सकाळी संपणारच.

म्हणून मोजायचं ते बॅटरीपाशी. पॉझिटिव्ह वायर सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मधे मल्टीमीटर जोडा, लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात. मिलीअँपिअरच्या भोकात लावला तर बोर्ड सुरू होतानाच्या करंटने मीटरचा फ्यूज उडू शकतो. 5 व्होल्टच्या बाजूला मल्टीमीटर घालू नका: त्याच्या वायरींमध्ये व्होल्टेज पडतं, ते 4.63 च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजची तक्रार करतो. यूएसबी मीटरवर क्षणाचा आकडा बघण्यापेक्षा 24 तासांचे एकूण वॉट-अवर बघा. डोंगल पाठवताना जास्त ओढतो, एरवी कमी.

मोठा खर्च आहे तो बोर्ड आणि डोंगल दिवसभर चालू राहण्याचा. 3बी वर यूहबसीटीएल या सॉफ्टवेअरने चारही यूएसबी पोर्टची वीज एकदम तोडता येते, एकट्या पोर्टची नाही. तेवढ्यानेही डोंगलचा खर्च बराच वाचेल.

खरी बचत मात्र पुरवठाच तोडण्यात. नुसतं शटडाऊन पुरत नाही, बोर्ड थोडा करंट ओढतच राहतो. अलार्मचं घड्याळ असलेलं टायमर मॉड्यूल 12 व्होल्टच्या बाजूला लावा, म्हणजे कन्व्हर्टरही बंद राहील. पायच्या सेटिंगमधला जीपीआयओ-पॉवरऑफ हा ओव्हरले (जादा सेटिंग) सुरू करा: शटडाऊन पूर्ण झाल्यावरच बोर्डवरची 26 नंबरची जीपीआयओ पिन हाय होते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज येतं, आणि टायमरने तोच इशारा धरून वीज तोडायची. ठरावीक मिनिटांनी तोडलीत तर एखाद्या दिवशी रेंज नसल्याने काम लांबेल आणि अर्धवट लिहिताना एसडी कार्ड बिघडेल.

तासाला 3 मिनिटं चालवलं, तर सुरू होतानाचा जास्तीचा करंट धरूनही दिवसाला 5 वॉट-अवरच्या आत बसतं. पॅनेलने काहीच दिलं नाही तरी 42 वॉट-अवरमध्ये आठवडा निघतो.

नुसता ओलावाच मोजायचा असेल तर पुढच्या हंगामात ईएसपी32 ही छोटी कंट्रोलर चिप बघा. डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेच्या अवस्थेत, ती काही मायक्रोअँपिअरवर राहते. फक्त बोर्डवरचा पॉवर एलईडी आणि रेग्युलेटर त्याहून कितीतरी जास्त खातात, तेव्हा बोर्ड घेण्याआधी तेवढं तपासा.